आधी आडवी, मग उभी

वन्सं, तुमच्या तेराव्याला आलेली प्रत्येक बाई जाताना माझा हात दाबून तेच म्हणाली, "चलिए, मुक्ति मिल गई। उन्हें भी और आपको भी।" त्यांची चूक नाही. खेटून खेटून घरं, आपल्याकडचा प्रत्येक आवाज त्यांच्या स्वयंपाकघरात जात होता. तुमची हाक, माझं "आले, आले", फरशीवर घासणारा तुमचा वॉकर. त्यांना वाटलं, सुटली बिचारी. सुटल्यावर माणूस हलकं होतं म्हणतात. मी नुसती दमलेय. तुम्ही होतात तेव्हा दमायलाही फुरसत नव्हती, ते सगळं आता एकदम अंगावर आलंय. बसले तर उठवत नाही, उठले तर कशासाठी उठले ते आठवत नाही.

आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर एक पान मागितलंय. जन्म कुठला, शिक्षण किती, शाळेत नोकरी किती वर्षं, असं. झाशीत मराठी वाचणारी माणसं आता उरली किती, आणि जी उरली त्यांना तुमची माहिती तोंडपाठ आहे. ती मंडळवाल्यांनाच लिहू दे. मी बसलेय ती आपलं अर्धं राहिलेलं भांडण पुरं करायला.

भांडण वरवर पाहता रेघांचं होतं. आधी कुठली काढायची आणि मग कुठली. पण त्याच्या खाली दुसरंच होतं आणि ते मी तुमच्याशी कधी बोलले नाही. तुमचे दादा, म्हणजे माझे यजमान, गेल्यावर या घरात आपण नणंद-भावजय दोघीच राहिलो. सांगलीहून माझा भाऊ मला न्यायला आला होता. मी गेले नाही. तुम्ही 'राहा' म्हणाला नाहीत आणि 'जा'ही म्हणाला नाहीत. मग तुमचा कंपवात सुरू झाला आणि तो विषयच मिटला. न्हाऊ घालणं, भरवणं, कूस बदलणं, घड्याळ बघून गोळ्या देणं. याचं कौतुक नकोय मला, माझ्या जागी कोणीही केलं असतं. पण वन्सं, तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की वहिनी, दमला असाल. तुम्हाला दिसत होतं की नव्हतं, तेवढंच मला कळायला हवं होतं.

तुमचं अक्षर आपल्या सगळ्या दतिया गेट मोहल्ल्यात नावाजलेलं. पहिलीच्या मुलींना तुम्ही जन्मभर अक्षर गिरवायला शिकवलंत, आणि घरातही तुमची शाळा सुटायची नाही. माझ्या डब्यांवर चिठ्ठ्या तुमच्याच हातच्या असायच्या. एकदा साबुदाण्याच्या डब्यावरची चिठ्ठी भिजली म्हणून तुम्ही नवी लिहायला घेतलीत. पहिला 'सा' हरभऱ्याएवढा आला आणि शेवटचा 'णा' मोहरीएवढा. तुम्ही ती चिठ्ठी फाडलीत, दुसरी लिहिलीत, तीही तशीच. डॉक्टर म्हणाले, या आजारात अक्षर असंच बारीक होत जातं. त्यानंतर तुम्ही पेनाला हात लावला नाहीत, आणि मीच तिरक्या अक्षरात 'साबुदाणा' लिहून चिकटवलं. ते तुम्ही रोज बघायचात आणि तोंड वाकडं करायचात.

मग शिवानी आली. पलीकडच्या गल्लीतली, तुमचीच जुनी विद्यार्थिनी. चीनला डॉक्टर व्हायला गेली होती. मधेच ती साथ आली आणि पोरगी परत आली, पुढचं सगळं शिक्षण तिने एवढ्याशा फोनवर उरकलं. डिग्री मिळाली, पण बाहेरून शिकून आलेल्यांना इथे जी परीक्षा द्यावी लागते ती काही पास होईना. घरी बसली होती. येणारा-जाणारा विचारायचा, बिटिया, डॉक्टर कब बनोगी? त्या दिवशी ती नवरात्राचा प्रसाद द्यायला आली आणि तुम्ही भलतंच विचारलंत, "बेटा, वहाँ की लिखाई भूल तो नहीं गई?"

ती प्रसादाची वाटी हातात धरून उभीच राहिली. म्हणाली, "बहनजी, इसका तो आज तक किसी ने पूछा ही नहीं।"

दुसऱ्या दिवशी दुपारी ती चौकोनांची वही घेऊन आली, मुलं गणितं करतात तसली. मी मनात म्हटलं, आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. मराठी लिहिता येईना आणि निघाल्या चिनी शिकायला.

तुमचा पहिलाच पाठ काय गमतीचा झाला! झाडाचं अक्षर होतं. एक आडवी रेघ, तिच्यातून खाली जाणारी उभी, आणि दोन बाजूंना दोन फांद्या. तुम्ही उभी काढलीत, फांद्या काढल्यात, आणि शेवटी वरून आडवी रेघ मारून मोठ्या समाधानाने पेन उचललंत. आपण दुसरं काय करणार? जन्मभर आधी अक्षरं काढायची आणि शेवटी शब्दावर रेघ ओढायची, हेच हाताला माहीत.

"बहनजी, ग़लत। पहले आड़ी।"

"आड़ी तो आख़िर में लगती है।"

"यहाँ पहले लगती है।" आणि मग ती हसायला लागली. "याद है, पहली कक्षा में मैं पहले लकीर खींच के नीचे अक्षर टाँगती थी? आपने पूरा पन्ना मिटवा दिया था।"

तुम्ही तिच्याकडे रागाने बघितलंत. मग तुम्हालाही हसू फुटलं, इतकं की ठसका लागला आणि मला पाणी घेऊन धावावं लागलं. घरात असं हसू कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं, म्हणून मी पाणी देऊन तिथेच दारात टेकले. तीच माझी चूक झाली. तिथून माझी दुपार गेली ती गेलीच.

पण एक कबूल करते. त्या लिपीत तुमचं अक्षर बारीक झालं नाही. मला आधी खरं वाटेना. आपल्या अक्षरात हात सवयीने धावायचा आणि धावता धावता आक्रसायचा. या अक्षरांची सवयच नव्हती, त्यामुळे प्रत्येक रेघ थांबून, ठरवून काढावी लागायची. आणि हात काही करायला निघाला की तुमची थरथर तेवढ्यापुरती थांबायची. चौकोन भरून झाड यायचं. तुम्ही ते मला दाखवायचात आणि मी "छान" म्हणायचे, आणि तुम्ही म्हणायचात, "छान नाही. ही फांदी छोटी राहिली." तरी तुमच्या चेहऱ्यावर काय आहे ते मला दिसायचं. तुमचा हात तुम्हाला परत मिळाला होता. त्यासाठी मी शिवानीची आणि त्या कुठल्या दूरच्या लिपीची ऋणी आहे, हे आज स्पष्ट सांगते. तेव्हा सांगितलं नाही, कारण मला झोप आलेली असायची.

इलाइट चौराह्यावरचा तो चाऊमीनचा ठेला आठवतो ना? डॉक्टरांकडून ई-रिक्षाने परत येत होतो. ठेल्यावर लाल कापडाचा फलक, त्यावर खरीखुरी चिनी अक्षरं. तुम्ही रिक्षा थांबवायला लावलीत. भर उन्हात, मागून हॉर्न वाजतायत, आणि तुम्ही मान वाकडी करून वाचताय. मग ठेलेवाल्याला हाक मारलीत, "अरे भैया, इसमें तो लिखा है, बाहर जाने का रास्ता!" तो झारा हलवता हलवता म्हणाला, "अम्मा जी, खा कें बाहरई तो जाने है।" तुम्ही घरापर्यंत हसत होतात. दारात मी तुम्हाला उतरवून घेतलं तेव्हा माझी पाठ धरली होती, आणि तुम्ही म्हणालात, "वहिनी, उद्या शिवानीला सांगायचं ध्यान ठेवा." पाठीचं काही नाही.

गेल्या हिवाळ्यात तुमच्या बोटांत पेन टिकेना. मला वाटलं, झालं, संपलं हे खूळ. कसलं संपतंय! तुम्ही वही माझ्याकडे सरकवलीत. म्हणालात, "तुम्ही काढा. मी सांगते." मला त्यातलं काही शिकायचं नव्हतं. मला जेवणानंतर एक डुलकी हवी होती, बाकी काही नको होतं. पण तुम्हाला नाही म्हणायची पद्धत आपल्या घरात नव्हतीच. तुम्ही उशांना टेकून बसायचात आणि जड झालेल्या जिभेने एकेक रेघ सांगायचात. आडवी. उभी. डावी फांदी. आणि माझा हात उभीपासून सुरू व्हायचा आणि आडवी शेवटी मारायचा.

"परत, वहिनी."

"झालं ना झाड? दिसतंय ना झाडासारखं?"

"गलत झालं. आडवी आधी."

"अहो, कागदावर उतरल्यावर आधी काय आणि नंतर काय! कोण बघणार आहे?"

"मी बघते आहे."

शिंगरू मेलं हेलपाट्याने, तशी माझी गत. एकदा मी चिडून म्हटलं, की पोळी लाटताना डावीकडून लाटली काय आणि उजवीकडून लाटली काय, पोळी ती पोळीच. तुम्ही मान मागे उशीवर टेकलीत. मला वाटलं हरल्या. मग शब्द जुळवत जुळवत म्हणालात, "फोडणीत मोहरीच्या आधी हळद घालून बघा." त्यावर शिवानीने टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, हळद करपली तर नाकाला कळतं. कागदाला कुठे वास येतो? तुम्ही नुसतं म्हणालात, "परत."

आणि ती दुपार, जी मी अजून विसरलेले नाही. आदल्या रात्री तुम्हाला खोकल्याने झोप नव्हती, म्हणजे मलाही नव्हती. शिवानी आली नव्हती. तुम्ही रेघा सांगत होतात आणि लिहिता लिहिता माझा डोळा लागला. किती वेळ गेला कोण जाणे. जाग आली तेव्हा पेन माझ्या हातात, रेघ चौकोनाबाहेर पार खालपर्यंत ओघळलेली, आणि तुम्ही टक लावून माझ्याकडे बघत होतात. मी वाट बघितली, वन्सं. खरंच बघितली. आता काही म्हणतील, असं वाटलं. तुम्ही म्हणालात, "रेघ वाकडी गेली."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच भांडी घासत बसले. कामवाली शांताबाई येऊन घासणार होतीच. पण तुमच्यासमोर रडायचं नव्हतं. त्या दिवशी मी ठरवलं की तुम्हाला दिसत नाही. दिसत असतं तर या बाईने काहीतरी म्हटलं असतं. तेव्हापासून मी सगळं केलं, पण आत एक दार लावून केलं. तुम्हाला ते जाणवलं का, हे मी कधी विचारलं नाही आणि आता विचारता येत नाही.

मग दवाखाना. तुमची वाचा गेली होती, नाकातोंडावर तो मास्क. सकाळ-दुपार थोडा वेळ आत सोडायचे. शिवानी रोज यायची. डॉक्टरांशी त्यांच्या भाषेत बोलायची, मला साध्या भाषेत सांगायची. कुठलीही परीक्षा न देता ती तिथे डॉक्टरच होती. त्या दुपारी ती बाहेर औषध आणायला गेली आणि मी तुमच्याजवळ स्टूलवर बसले. सवयीप्रमाणे तुमचा उजवा हात माझ्या हातात घेतला. तो थरथरत होता, नेहमीसारखाच. मी नेहमीसारखा धरून बसले. माझं लक्ष तुमच्याकडे नव्हतं. भिंतीला डोकं टेकून माझे डोळे मिटत होते.

मग थरथर थांबली.

मी दचकून डोळे उघडले. भलतंच मनात आलं. पण श्वास चालू होता, आणि तुमचं बोट माझ्या तळव्यावर सरकत होतं. एक छोटी तिरकी रेघ, वरून डावीकडे. तिच्याखाली एक उभी. बोट थांबलं, मला वाटलं दमलं. मग बाजूला, सावकाश, डावीकडून उजवीकडे एक आडवी. तिच्यातून खाली उभी. मग एक फांदी इकडे, एक फांदी तिकडे.

शिवानीने पहिल्या उन्हाळ्यातच हे अक्षर दाखवलं होतं. झाडाच्या शेजारी दोन रेघांचा माणूस. शेतातून आला, झाडाला टेकला. विसावा घे, असा त्याचा अर्थ. ती म्हणाली होती, बहनजी, सबसे आसान है, बेचारा थक गया है।

तुम्ही माझ्याकडे बघत होतात, वन्सं. मी काय केलं सांगू? मी तुमच्या पायांवरची चादर सारखी केली. तेवढ्यात सिस्टर आली, म्हणाली, चलिए माताजी, टाइम हो गया। पुढे तुमचा हात पुन्हा माझ्या हातात आला तेव्हा त्यात काहीच नव्हतं.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. काल शिवानी आली. तिची परीक्षा परत जवळ आलीय, चेहरा उतरलेला होता. मी चहा केला आणि तिला सांगितलं. ती ऐकून घेऊन हळूच म्हणाली, "चाची, बुरा मत मानना। हो सकता है हाथ ही काँपा हो। आख़िर में ऐसा होता है।" डॉक्टर झाली म्हणायची पोरगी.

मला राग आला नाही. मी म्हटलं, डोळे मीट आणि हात पुढे कर. तिच्या तळव्यावर मी तेच अक्षर काढलं, पण माझ्या पद्धतीने. झाडाची उभी आधी, फांद्या, आणि आडवी सगळ्यात शेवटी.

"क्या लिखा?"

"पता नहीं चला, चाची। कुछ भी नहीं बना।"

मग पुन्हा काढलं, तुमच्या पद्धतीने. माणूस. मग आधी आडवी, मग उभी. दुसरी फांदी पुरी व्हायच्या आतच तिने मूठ मिटून माझं बोट धरलं आणि ती रडायला लागली. मीही रडले. तेराव्याला आलं नव्हतं ते रडू काल आलं.

तर भांडण तुम्ही जिंकलात. कागदावर माझंच खरं होतं, अजूनही म्हणते. कागदावर रेघा राहतात, कशाही क्रमाने काढा. पण तळव्यावर काय राहतं? शाई नाही, चौकोन नाही, आकार नाही. आधी काय आलं आणि मग काय आलं, तेवढंच मिळतं. तुम्ही आडवी शेवटी काढली असतीत तर मी हात थरथरला समजून गप्प बसले असते आणि जन्मभर तुमच्यावर रुसून राहिले असते. थरथरीला क्रम नसतो, वन्सं. तुम्ही माझ्याकडून शंभरदा "परत, परत" करून घेतलंत, म्हणून मला वाचता आलं.

म्हणजे तुम्हाला दिसत होतं. त्या दुपारी, रेघ ओघळली तेव्हाही दिसत होतं. मग तोंडाने का म्हणाला नाहीत, याचा मला अजून राग आहे, तो जाणार नाही. दोन शब्द तर होते. पण आपल्या घरात असलं काही तोंडाने बोलायची रीतच नव्हती. तुमच्या दादांनाही ते कधी जमलं नाही.

सांगलीहून भावाचा पुन्हा फोन आला होता. बघू म्हटलंय. सध्या मी एवढंच करते, जेवण झालं की ओटा आवरते, पडदा ओढते आणि तुमच्या खाटेवर अंग टाकते. झोप लागत नाही. गल्लीतले आवाज ऐकत पडून राहते. तरी उठत नाही, तुम्ही सांगितलंय म्हणून.